मंदाचा ऱ्हस्व उकार

मंदा गेल्याचा फोन तिच्या मुलीनं, अनघानं केला, तेव्हा मी इथे अमेरिकेत, रेडमंडच्या घरात टेबलाशी बसून मंदाचाच व्हिडिओ कापत होते. फोन ठेवल्यावर पहिला विचार काय आला ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते... मेली निसटली! कारण तो व्हिडिओ म्हणजे माझा सूड होता, आणि तिच्या पंच्याहत्तरीला, भर हॉलमध्ये, तिच्यादेखत मला तो उगवायचा होता.

मंदा पुण्याची, शाळेतून निवृत्त झालेली मराठीची बाई, मी नागपूरची. इथल्या रविवारच्या मराठी वर्गात दोघी शिकवायचो. वर्ग ऑनलाइन गेले, तेव्हा स्क्रीनवर धडा उघडून त्यावर बोलत रेकॉर्डिंग कसं करायचं हे ती आधी शिकली, आणि लगेच मला शिकवायला आली. "सुधे, लाल बटण दाब. तीन अंक मोज. मग बोल. आणि 'करून राहिली' म्हणू नकोस, पोरं तेच उचलतात." तेव्हाची मी म्हणजे पासष्ट वर्षांचं शेंबडं पोर. स्क्रीनवरचा बाण हरवला की टेबलाखाली वाकून शोधायचीच काय ती बाकी होते. पहिला धडा तल्लीन होऊन शिकवला, माइक बंद. मग माइक सुरू करून पुन्हा शिकवला, तर बंद करायचा विसरले, आणि न तपासता पाठवून दिला. त्यामुळे बाराखडीनंतर मुलांना हेही ऐकायला मिळालं, "मोठी आली मले शिकवणारी! सोताचं नाक पाह्य म्हणा, स्क्रीनवर मावून नाही राह्यलं!"

मंदानं ते स्नेहसंमेलनात मोठ्या पडद्यावर लावलं. सगळा हॉल हसला, माझी सूनसुद्धा. परत येताना गाडीत मी ठरवलं, हिला सोडायची नाही.

सुडासाठी माणूस काय काय शिकतो! तुकडे कापणं, जोडणं, अक्षर मोठं करून दाखवणं... चार वर्षं तिच्या रेकॉर्डिंगमधली एकेक फजिती मी साठवली. तिची शिंक. कुकरच्या शिटीवर खेकसणं. "अगं, बाण कुठे गेला मेला?"

शोकसभेच्या आधी अनघा म्हणाली, "सुधामावशी, आईचा एखादा व्हिडिओ आहे का? कसाही चालेल." मी म्हटलं, आहे. मनात म्हटलं, घे आता! पडद्यावर मंदा आली, तिनं तोंड उघडलं... आणि आवाजच नाही. फाइल तयार करताना मीच तो बंद करून ठेवला होता. मागून एक चिमुरडी ओरडली, "आजी, यू आर ऑन म्यूट!" आता काय करता? उभी राहिले आणि शेवटपर्यंत मीच मंदा झाले. सगळं तोंडपाठ होतं. शिंकलेसुद्धा तिच्यासारखी. लोक हसत होते, अनघा हसता हसता रडत होती, आणि मी मात्र मंदा असताना चुकूनही 'करून राहिली' निघू नये म्हणून जीभ आवरत होते. म्हणजे मेल्यावरही तीच जिंकली.

घरी येऊन लॅपटॉपसमोर बसले. त्याच्या वरच्या कडेला तिनं पहिल्या दिवशी चिकटवलेली पिवळी चिठ्ठी आहे, 'माइक सुरु आहे का?' चार वर्षं ती माझ्याकडे डोळे वटारून बघत आली. त्या दिवशी मी तिच्याकडे नीट बघितलं. सुरु! ऱ्हस्व! शेवटचा उकार दीर्घ हवा, हे मला हिनंच दहादा ऐकवलेलं! जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांत लाल शाई ओतणारी ही बाई... मी एकटीच टाळी वाजवली. तिला सांगायला फोन उचलला... आणि तसाच खाली ठेवला.

चिठ्ठी दुरुस्त केलेली नाही, करणारही नाही. या वर्षीचा पहिला धडा तिच्यावरच रेकॉर्ड केलाय. माइक बघितला. लाल बटण. एक, दोन, तीन. चिठ्ठीचा फोटो स्क्रीनभर मोठा केला आणि म्हटलं, "मुलांनो, हे मंदाआजींचं अक्षर. यात एक चूक आहे, शोधा." दर वर्षी नवी मुलं येतील आणि दर वर्षी तिची चूक काढतील.

बस आता वर चरफडत, मंदे.