रूपराव भोंगेवाल्याची घरची वाक्यं

वर्ध्यात राहून ज्यानं रूपरावांचा आवाज ऐकला नाही, तो एक तर ठार बहिरा असला पाहिजे किंवा आजच सकाळच्या गाडीनं स्टेशनवर उतरलेला. साड्यांचा सेल असो, पाणीपट्टीची ताकीद असो, हरवलेली म्हैस असो की कुणाच्या अंत्ययात्रेची वेळ, ऑटोवर भोंगा चढला की त्यातून बोलणार ते रूपराव. स्वतः ऑटोत बसून गावभर ओरडत फिरायचे दिवस कधीच मागे पडले होते. आता आर्वी नाक्याजवळच्या आपल्या घरात, पुढच्या खोलीत, जुन्या गाद्या भिंतीला लावून केलेल्या ‘स्टुडिओ’त बसून ते एकदाच बोलत, आणि पेनड्राइव्हमध्ये भरलेलं ते बोलणं ऑटोवाले दिवसभर फिरवत. सुरुवात कायम ठरलेली: ‘माता-भगिनींनो, इकडे लक्ष द्या!’ जाहिरात ट्रॅक्टरच्या टायरची असली तरी पहिली हाक माता-भगिनींनाच. कुणी हसलं तर रूपराव म्हणत, “टायर कोनीबी घेवो, कपाटाची चाबी घरच्या बाईपाशीच राह्यते.”

गावाला एवढं ऐकवणारा हा माणूस घरात मात्र भिंतीसारखा गप्प. बायकोला, म्हणजे सुलोचनाबाईंना, त्यांनी लग्न झाल्यापासून नावानं हाक मारली नव्हती. रोहणा गावच्या शेतकरी घरात वाढलेला गडी. तिथं बापानं आईला कधी नावानं बोलावलं नाही, मग यांनी कशाला? आधी नुसतं ‘अवं’ आणि मुलगी झाल्यावर ‘मयुरीची माय’. सुलोचनाबाईंनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. रेकॉर्डिंग चालू असलं की त्या कुकर उतरवत, पंखा बंद करत आणि आवाज नको म्हणून मागच्या अंगणात जाऊन बसत. सगळ्या गावानं ऐकलेली वाक्यं त्यांनी कधी होताना ऐकली नाहीत. भोंग्यावरूनच ऐकली, इतरांसारखी.

मग रूपरावांचा घसा बसला. आधी थंडी, मग धूळ, मग वय, अशी नावं ठेवून झाली. तंबाखूचा खर्रा सोडला, पण फार उशिरा. शेवटी सावंगीच्या दवाखान्यात नळी घालून पाहिलं आणि डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, सोमवारी भरती व्हा. रूपरावांनी मान डोलावली. माणूस जगणार होता, आवाज जाणार होता.

पण तिथल्या एका बाईंनी, ज्या घशाच्या रोग्यांना पुन्हा बोलायला शिकवत, जाता जाता एक गोष्ट सांगितली होती. म्हणाल्या, आवाज आहे तोवर रोजची वाक्यं नीट बोलून ठेवा. ती फोनमध्ये भरली की बटण दाबायचं, फोन तुमच्याच आवाजात बोलेल. पाणी हवं, दुखतंय, घरातल्यांची नावं, जे लागेल ते. मात्र घसा जपून वापरा.

हे ऐकून रूपरावांच्या जिवात जीव आला. बोलून ठेवणं हा तर त्यांचा धंदाच! आवाज आता फक्त सकाळी, गरम पाणी पोटात गेल्यावर, थोडा वेळ उघडत असे. मग दिवसभर नुसती खरखर. पण तेवढा वेळ त्यांना पुरेसा होता. एरवीही ते जाहिरात एका दमात बोलत, चूक म्हणून सापडायची नाही.

नडलं ते मशीन.

दिवाळीच्या सुमारास कॉम्प्युटरच्या पडद्यावर रोज एक सूचना येऊ लागली होती की तुमची सिस्टीम आता जुनी झाली, नवी घ्या, नाही तर सुरक्षा राहणार नाही. रूपरावांनी एका दुपारी ‘हो’ दाबलं. नवी सिस्टीम दिसायला झकपक. सगळी चित्रं गोलगोल, मधोमध. तेव्हापासून मशीन जरा जड चालू लागलं होतं, पण छोट्या छोट्या जाहिराती होत्या, निभत होतं. शुक्रवारी सकाळी ते माइकसमोर बसले, पहिलं वाक्य बोलले, ‘मले पानी दे’, आणि परत ऐकलं तर हेडफोनमध्ये आलं: ‘म... कडकड... नी... दे.’ पुन्हा बोलले. पुन्हा तेच. माउसचा बाण चिखलात रुतल्यासारखा चालत होता.

कोणता प्रोग्रॅम किती मेमरी खातो ते दाखवणारा टास्क मॅनेजर त्यांनी उघडला. मेमरीच्या पुढं चौऱ्याण्णव टक्के, लालभडक. आता खाणारा शोधायचा म्हणून एकेक प्रोग्रॅम बंद करत सुटले. ब्राउझर बंद, अँटिव्हायरस बंद, हवामान दाखवणारी पट्टी बंद. आकडा दोन पावलं मागं जाई आणि परत येऊन बसे. खरी गंमत अशी की यादीत दिसणाऱ्या सगळ्यांचं खाणं एकत्र केलं तरी निम्मं भरत नव्हतं. मग उरलेलं खातंय कोण? यादीत नाव नसलेल्याला पकडणार तरी कसं? रूपरावांचं डोकं फिरलं. तेवढ्यात आवाजही मिटला, आणि शुक्रवार संपला.

“अवो, फोनवरच बोला न,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “शेवटी फोनातच तं भरा लागते.”

“जनमभर माइकवर बोललो,” रूपराव खरखरले, “आता का त्या डबीत कुजबुज करू?”

असा हा ताठा. मला त्या ताठ्याचा राग येतो, आणि त्याहून जास्त वाईट वाटतं. ज्याच्याजवळ एकच गोष्ट चांगली असते, तो ती कशीतरी करायला तयार होत नाही.

त्यांचं मशीन नेहमी कैलास पाहायचा. गावात त्याचं दुरुस्तीचं दुकान. फोन लावला तर तो मेहुणीच्या लग्नासाठी बाहेरगावी. मागं बँड वाजतोय.

“काकाजी, रिस्टार्ट मारला का?” कैलास ओरडून विचारत होता.

“मारला,” रूपरावांनी कसंबसं सांगितलं. “तीनदा मारला.”

“मंग रॅमच कमी पडून राह्यली असन. मी सोमवारी येतो, नवीन टाकून देतो.”

“सोमवारी मी नाई राहत.”

“मंग मंगळवारी येजो म्हनता का?” बँडमध्ये बाकीचं बुडालं.

रूपराव खोटं बोलले नव्हते. फक्त त्यांचा रिस्टार्ट त्यांच्या पद्धतीचा होता. ॲम्प्लिफायरच्या काळापासून त्यांचा नियम: मशीन बिघडलं की त्याला एकदम झटका द्यायचा नाही. नीट बंद करायचं, प्लग उपसायचा, एक कप चहा होईस्तोवर थंड होऊ द्यायचं, वरून हात लावून पाहायचं, मग चालू करायचं. या नियमानं त्यांनी कितीतरी ॲम्प्लिफायर जगवले होते. पडद्यावर रिस्टार्टचं वेगळं बटण होतं, पण ते त्यांना उतावळ्या माणसाचं काम वाटे. बंद करून लगेच चालू. त्यात मशीनला आराम तो कुठला? म्हणून त्यांनी तीनदा बंद केलं, तीनदा प्लग काढला, तीनदा चहा प्यायले. आणि तीनदा मशीन उठलं ते पोट भरूनच.

शनिवारी त्यांनी जास्तीचे प्रोग्रॅम काढूनच टाकले. आकडा थोडा खाली आला, बाण थोडा हलका झाला. गरम पाणी प्यायले, सुलोचनाबाईंनी कुकर उतरवला, पंखा बंद केला आणि त्या अंगणात गेल्या. रूपरावांनी लाल बटण दाबलं आणि एका दमात बोलत गेले. पाणी दे. दुखून राह्यलं. दार उघड. जेवलो मी. मयुरीचा फोन आला का. हे झाल्यावर ते थांबले. खोलीत कुणी नव्हतं तरी त्यांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, “सुलोचना.” आवाज फाटका होता, पण नाव पूर्ण आलं. त्यांना स्वतःलाच ते ऐकून लाज वाटली. तरी पुन्हा म्हणाले, “सुलोचना, बस थोडी माह्यापाशी.”

आणि सेव्हचं बटण दाबलं.

गोल चक्र फिरू लागलं. फिरत राहिलं. पडदा पांढुरका झाला, ‘प्रतिसाद नाही’ असं वर आलं. रूपरावांनी हात मागं घेतले, कशालाच स्पर्श केला नाही; देवळात बसल्यासारखे बसून राहिले. मग सगळं एकदम गेलं. प्रोग्रॅम पुन्हा उघडला तेव्हा त्यानं मोठ्या दयेनं ‘वाचवलेलं रेकॉर्डिंग’ पुढं केलं. त्यात कडकड होती, मधे मधे रिकामं होतं, कुठं अर्धा शब्द. शेवटी, जिथं नाव असायला हवं होतं, तिथं काहीच नव्हतं.

पुन्हा बोलायला तोंड उघडलं, तर घसा मिटला होता.

रविवारी तो उघडलाच नाही. गरम पाणी झालं, ज्येष्ठमध झालं. शेवटी रूपरावांनी आपणहून सुलोचनाबाईंचा फोन मागून घेतला, तोंडाजवळ धरला. ते पाहून सुलोचनाबाई उठल्या, पंखा बंद केला आणि सवयीनं अंगणात जाऊन बसल्या. बराच वेळ बसल्या. आत आल्या तेव्हा फोन मांडीवर होता आणि रूपरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. फोनमध्ये नुसती शिटी आली होती, श्वासाची. दुपारी दम लागू लागला, म्हणून सोमवारची वाट न पाहता ऑटो करून सावंगी गाठली. वाटेत एक भोंगा समोरून आला. ‘माता-भगिनींनो, इकडे लक्ष द्या! फक्त तीन दिवस! फक्त तीन दिवस!’ सुलोचनाबाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरून ठेवला, भोंगा लांब जाईपर्यंत.

रूपराव घरी आले ते गळ्याला भोक आणि हातात पाटी घेऊन. कैलास भेटायला आला. शरमिंदा होऊन मशीनसमोर बसला, रिस्टार्टचं बटण दाबलं, आणि पडदा परत आला तेव्हा मेमरी तिसऱ्या हिश्श्यावर होती. बाण पाण्यासारखा पळत होता.

रूपरावांनी पाटीवर लिहिलं, ‘मी बंद करत होतो ते?’

“नवी सिस्टीम तशी पुरी बंद होत नाई, काकाजी,” कैलास खाली पाहत म्हणाला. “लवकर उठता यावं म्हनून आतलं सारं जपून झोपते. तुमचा माइक जोडाचा डबा जुना, त्याचं नव्या सिस्टीमशी जमत नाई. तो मेमरी घेते न वापस देत नाई. दिवाळीपासूनचं साचत गेलं. रिस्टार्टनं तेवढं साफ होते. मले वाटलं तुमी तेच केलं.”

यात कुणाला शिव्या द्यायच्या? कैलासनं बरोबर विचारलं होतं, रूपरावांनी खरं सांगितलं होतं. एका बटणाचं काम, आणि ते बटण सगळा वेळ समोर होतं.

कैलास गेल्यावर रूपरावांनी माइक चालू केला. कडकड नाही, अडखळणं नाही. पडद्यावरची हिरवी रेघ स्वच्छ हलत होती. गळ्याच्या भोकातून येणारा श्वास ती अगदी नेमका दाखवत होती.

पुढं मयुरी आली. जे हाती होतं त्यातूनच, म्हणजे वडिलांच्या जुन्या जाहिरातींतून, तिनं तुकडे कापले आणि फोनमध्ये बटणं करून दिली. मग रूपरावांचं बोलणं भलतंच ऐटदार झालं. पाहुणा आला की ‘या, या, सहकुटुंब सहपरिवार या!’ निघाला की ‘एकदा अवश्य भेट द्या!’ भात नको असला की ‘स्टॉक संपला!’ लोक हसत, रूपरावही खांदे हलवून हसत. घरची वाक्यं मात्र जाहिरातीत कुठून असणार? त्यासाठी पाटी होती. एकदा त्यांनी पाटीवर ‘सुलोचना’ लिहिलं आणि त्या यायच्या आत पुसून टाकलं. लिहून दाखवलेलं नाव म्हणजे शाळेतली हजेरी, हाक नव्हे.

एका दुपारी ते पुढच्या खोलीत एकटेच बसले होते. पाणी नको होतं, गोळी नको होती, दुखत नव्हतं. ती जवळ येऊन बसावी, एवढंच हवं होतं. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. बराच वेळ त्यांनी फोन हातात धरला, मग पहिलं बटण दाबलं.

‘माता-भगिनींनो, इकडे लक्ष द्या!’

भांडी थांबली. सुलोचनाबाई ओले हात पदराला पुसत दारात आल्या.

“एकटीच तं आहो मी घरात,” त्या म्हणाल्या. “सांगा.”

रूपरावांनी फोनकडे पाहिलं. पुढचं बटण साड्यांच्या सेलचं होतं.