सुमनची डावरी सतार

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या. हा किस्सा सांगताना मला अजून तोंड लपवावंसं वाटतं. मी एक अख्खी सतार उलटी बनवली. हो, उलटी! आणि तीही आयुष्यातली पहिली.

सातवीत शाळा सोडली आणि नागपूरच्या महाल भागात सतारी बनवणाऱ्या एका काकांच्या दुकानात शिकायला लागलो. आठ वर्षं भोपळे कापले, खुंट्या घासल्या. मग काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. म्हणाले, "तीन महिने मी काही येत नाही गा. आता जी सतार येईल, ती तूच बनव. जमली तं तू कारागीर. नाही तं घास खुंट्या जन्मभर!"

सतार सांगितली सक्करदऱ्याच्या एका गुरुजींनी. त्यांच्या मुलीसाठी, सुमनसाठी.

काकांचा नियम होता. माणूस वाजवताना पाहिल्याशिवाय काम हाती घ्यायचं नाही. तो कसा बसतो, हात कुठवर पोचतो, त्यावर दांडीची जाडी आणि भोपळ्याचा आकार ठरायचा. म्हणून दुकानातली जुनी सतार मी सुमनच्या हातात दिली आणि म्हणालो, "वाजवा."

एवढा एकच शब्द. तोही भोपळ्याकडे पाहून!

मुलीकडे सरळ पाहायची माझी हिंमत कुठली? पाठ फिरवून मी उगाच एक खुंटी घासत बसलो. पण नियम तर पाळायचा होता! समोरच्या भिंतीवर आरसा होता, गिऱ्हाइकाला आपली बैठक दिसावी म्हणून टांगलेला. त्यात सगळं दिसत होतं. मी मन लावून पाहिलं. फार मन लावून.

आणि काय पाहतो! पोरगी डावरी. तार छेडायची नखी डाव्या हातात, उजवा हात पडद्यांवर!

आता तुम्ही म्हणाल, आरशात उजव्याचं डावं होतं, एवढं कळत नव्हतं का? कळत होतं हो, एरवी कळत होतं! पण आरशात सुमन असताना...

मला तिची दयाच आली. बिचारी सतार उलटी धरून वाजवते आणि लाजेनं कुणाला सांगत नाही. लाजेचं दुःख माझ्याइतकं कोणाला ठाऊक? ठरवलं, न विचारताच डावरी सतार करून द्यायची. बाजूच्या खुंट्यांची भोकं दुसऱ्या अंगाला पाडली. घोडीवर तारांच्या खाचा उलट्या क्रमानं कोरल्या. तीन महिने जेवणाचंही भान नव्हतं.

घरी भेटायला गेलो की काका विचारायचे, "कशी होऊन राहिली?"

"अशी सतार अख्ख्या नागपुरात कोणाजवळ नाही, काका!"

खोटं नव्हतं ते.

ठरल्या दिवशी काका काळा चष्मा लावून आले. गुरुजी आले, सुमन आली. तिनं सतार मांडीवर घेतली. फिरवली. परत फिरवली.

"ही धरू कोणीकडून, बाबा?"

काकांनी चष्माच काढला. "काहून बे! ही तं डावऱ्याची सतार!"

"पण त्या डावऱ्याच आहेत ना," मी भोपळ्याला सांगितलं.

"कोण, मी?" सुमन म्हणाली.

"तुले कोणं सांगितलं बे?" काका.

"मी पाहिलं."

"कधी पाहिलं?" सुमननं विचारलं. "तुम्ही तं भिंतीकडे तोंड करून बसले होते!"

माझे डोळे मेले गेलेच आरशाकडे! माझ्यामागून तिघांचेही गेले.

आधी सुमनला हसू फुटलं. मग काकांना. डॉक्टरनं डोळ्यातून पाणी काढू नका म्हणून बजावलं होतं, ते सगळं वाया! गुरुजींनी थोडा वेळ मिशी आवरून धरली, मग तीही सुटली.

"अरे, डोळे माझे गेले होते, तुझे तं शाबूत होते ना!" काका म्हणाले. मग त्यांनी जोडांवरून बोट फिरवलं, तार छेडली आणि बराच वेळ कान देऊन बसले. "काम मात्र पक्कं हाय. झाला तू कारागीर! आता गुरुजीले दुसरी बनवून दे. अन् या खेपेले पोट्टीकडे सरळ पाह्य!"

आरसा त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवला.

सुमन पुन्हा वाजवायला बसली. मी जीव मुठीत धरून सरळ पाहिलं. अर्धा तास पाहिलं. पापणीसुद्धा हलवली नाही.

दोघं गेल्यावर काकांनी विचारलं, "हं, सांग. बोटं लांब हायेत का आखूड?"

बोटांकडे पाहायचं राहूनच गेलं होतं!