डोक्यातली घरची भांग

माझी मुलगी डॉक्टर झाली तेव्हा गल्लीतल्या बायका आधी आपापले गुडघे घेऊन आल्या. ती सुट्टीवर आली होती, ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. तिने सांगितलं, "मावशी, मी गोळ्या देणारी डॉक्टर नाही. मी मेंदूचा अभ्यास करते." त्यावर एक म्हणाली, "मंग मन्हा नवराना डोकामा दख. तठे काहीच नई शे." सगळ्या हसल्या. मीही तोंडाला पदर लावून हसले.

पण मेंदू ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी मी पुष्कळ दिवस कुणाला सांगितलीच नव्हती. भांगेत, गांजात जे असतं ते डोक्यात जाऊन काय करतं, आणि माणसाला कसलीही लत लागते ती का सुटत नाही, यावर तिचं काम आहे. तिने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी पथारीवर होते. पथारी म्हणजे गावाबाहेर व्यापारी ओली लाल मिरची वाळत घालतात ती मोकळी जागा. आम्ही बायका तिथे देठ खुडायला जातो. फोनचा आवाज मोठा होता. "गांजा" हा शब्द मिरचीवरून थेट मुकादमापर्यंत गेला. मी फोन पदरात गुंडाळला, तरी मुलगी पदरातून बोलतच राहिली.

"काय म्हणी ऱ्हायनी पोर?" शेजारच्या बाईने विचारलं.

"औषधनं काम शे," मी म्हटलं आणि भराभरा देठ खुडायला लागले. चार माणसांत मोठ्याने बोलणं मला जमत नाही, ते लहानपणापासूनच.

आमच्या घरात बोलायचं सगळं काम माझ्या नवऱ्याकडे आहे. ते नंदुरबार स्टेशनबाहेर रिक्षा चालवतात. जी गोष्ट मी पदरात लपवली, ती त्यांनी सुरतहून आलेल्या प्रत्येक गाडीला सांगितली. सामान चढवायचं, मग सुपारी-तंबाखूची पुडी फाडायची, ती गालात भरायची आणि म्हणायचं, "मन्ही आंडेर, मन्ही पोर, व्यसनवर संशोधन करी ऱ्हायनी. उंदरेसना मेंदू तपासस." स्टँडवर त्यांचा एक दोस्त आहे, तोही रिक्षावालाच. तो म्हणायचा, "तिले सांग, उंदीर कमी पडना तर बापले लई जाय. पिंजराबी नको, पुडी दखाडी का मांगे मांगे येस."

ते सगळ्यांत मोठ्याने हसायचे. पण हसताना त्यांचं तोंड पहिल्यासारखं उघडत नव्हतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं, कारण ताट मी वाढते. आधी ठेचा झोंबायला लागला. "यंदानी मिरचीच खोटी शे," ते म्हणायचे. मी रोज मिरचीत बसते, मिरचीला काही झालं नव्हतं. मग भाकरीचा घास लहान होत गेला.

दिवाळीत मुलगी आली. तिने त्यांना जांभई देताना पाहिलं आणि जांभई अर्ध्यावर अडकली तशी ती उठून उभी राहिली. दुसऱ्याच दिवशी दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने बत्ती लावून पाहिलं. गालाची आतली कातडी सुपारीने आखडत चालली आहे, म्हणाला. आत्ता सोडली तर आखडायची थांबेल. नाही सोडली तर तोंड मिटत जाईल आणि पुढे गाठ झाली तर कापावं लागेल.

घरी येताना माझ्या नवऱ्याची रिक्षा पहिल्यांदाच मुकी चालली.

संध्याकाळी मुलीने त्यांना समोर बसवलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "आप्पा, तुम्ही वाईट माणूस आहात म्हणून हे सुटत नाही असं नाही. मेंदूला सवय पडते. आपल्या डोक्यात भांगेसारखं काहीतरी आपलं आपणच तयार होत असतं."

आप्पांचे डोळे चमकले. "घरनीच भांग?"

"तसंच म्हणा. भूक, झोप, दुखणं, भीती, सगळीकडे तिची ये-जा असते. एखादी गोष्ट हवीहवीशी वाटते ना, ते वाटणं कमी-जास्त होण्यातही तिचा हात असतो."

"कमी करस?"

"कधी कमी, कधी जास्त. कसं ते अजून पुरतं कळलेलं नाही. म्हणून तर उंदीर पाळलेत."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं. मग त्यांनी विचारलं, "तुमनाकडे तो माल कोठून येस?" तिने सांगितलं की सरकारची परवानगी लागते, कुलपात ठेवावा लागतो, थेंबाथेंबाची नोंद होते. "अरेरे," ते म्हणाले, "अठे तर बाबा लोक झोळीमा लई फिरतस." मुलगी हसली. तिथेच आम्ही दोघी चुकलो.

पुढे महाशिवरात्र आली. आम्ही दरवर्षी तापीकाठच्या प्रकाशा गावी महादेवाच्या दर्शनाला जातो. तो दोस्तही आमच्याच रिक्षातून आला. दर्शन झालं. मी तापीवर हातपाय धुऊन परत आले तर हे एका लिंबाखाली बसलेले. तिथे काही भाविक पाट्यावर हिरवं वाटून दुधात कालवत होते. यांच्या हातात रिकामा पेला.

"काय पिनात?"

"औषध."

"कोनी सांगं?"

"आपली आंडेरनी. घरनी भांग कमी पडी ऱ्हायनी, म्हनीसन बाहेरनी टाकी. आते पुडीनी आठवण येवाव नई."

दोस्त झाडाला टेकून पोट धरून हसत होता. मी कपाळाला हात लावला. मुलीच्या इतक्या वर्षांच्या शिक्षणातून या माणसाने फक्त "कमी" हा शब्द उचलला होता आणि "जास्त" तिथेच टाकून दिला होता.

बराच वेळ काही झालं नाही. ते मला मेंदू समजावत बसले. मग वाटेने एक बकरी गेली. ती आपल्या शाळेतल्या मास्तरांसारखी दिसते म्हणून ते इतके हसले की पागोटेवाल्या म्हाताऱ्यांनी जागा बदलली. आणि मग त्यांना भूक लागली. साधी नाही. उकडलेली रताळी संपली, शेंगदाणे संपले, माझ्या वाटणीची केळी संपली. उपास होता का नव्हता, देवालाच ठाऊक. शेवटी त्यांनी राजगिऱ्याचा लाडू घेतला, चांगला मोठा, आणि अख्खा तोंडात घालायला गेले.

जाईना. त्यांनी डोकं तिरकं केलं, बाजूने लावून पाहिला, पुन्हा समोरून. लाडू हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले.

"अवं," मला म्हणाले, "हाऊ लाडू मोठा व्हई ऱ्हायना."

दोस्त जमिनीवर लोळायचाच बाकी होता. आजूबाजूची माणसंही बघून हसत होती. एरवी मी पदर ओढून बाजूला झाले असते. पण त्या दिवशी मी मोठ्याने बोलले, इतक्या मोठ्याने की लोक वळले.

"लाडू तेवढाच शे. तोंड ल्हान व्हयनं तुमनं."

दोस्त हसायचा थांबला. यांनी लाडू मांडीवर ठेवला. दोन बोटं दातांत घालून पाहिली, ती जेमतेम गेली. तिसरं बोट बराच वेळ ओठाशी धरून बसले. इतकी भूक, समोर खायला, आणि दारच उघडेना.

"फोन लाव तिले," ते म्हणाले.

मुलगी पडद्यावर आली. मी सगळं सांगितलं. आधी ती अशी भडकली की मी फोन लांब धरला. "आप्पा! मी असं कधी सांगितलं? आणि रिक्षाची किल्ली कुठाय?" किल्ली दोस्ताने वर करून दाखवली. मग तिचा आवाज बदलला. पेला केवढा होता, भूक केव्हा लागली, छाती धडधडते का, एकेक विचारून घेतलं. मला म्हणाली, त्यांना सावलीत बसव, पाणी दे, एकटं सोडू नको.

"तुन्हा औषधनी भूक वाढाडी," हे तिला म्हणाले. "पन तोंड नई वाढाडं."

ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "आप्पा, उंदराला मला विचारता येत नाही. तुम्हाला विचारते. आत्ता पुडी आठवतेय?"

त्यांनी खरोखर विचार केला. "आठवस. पन लाडू जास्त आठवस."

मी लाडू कुस्करून चिमटी चिमटीने भरवला. दोस्ताने रिक्षा घरी आणली.

यानंतर पुडी सुटली असं लिहिलं तर तो चमत्कार होईल. तसं झालं नाही. ते चिडले, भांडले, दोनदा चोरून खाल्ली आणि दोन्ही वेळा स्वतःच येऊन सांगितलं. मुलगी म्हणाली की लतीला जागासुद्धा लक्षात राहते, टपरीसमोर उभं राहून ती सुटायची नाही. म्हणून त्यांनी स्टेशनचा स्टँड सोडला आणि दवाखान्याच्या फाटकाशी रिक्षा लावायला लागले. दोस्त आठवडाभर रुसला, मग तोही तिथेच आला. गिऱ्हाईक कमी, पण बडबड तेवढीच.

आता डॉक्टरने तोंड उघडायचा व्यायाम दिला आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, सोसेल तशी मधे एक वाढवायची. काड्या तोंडात असल्या की त्यांना बोलता येत नाही. मुलीने हे ओळखून फोनची वेळ तीच ठरवली. आप्पा मधे तोंड घालत नाहीत म्हणून ती निवांत कामाचं सांगते, आणि न समजलेलं मी विचारते. उंदरांना आपलं घर आठवतं का, हे मी विचारलं तर ती म्हणाली, "आई, हे चांगलं विचारलंस." मी लाजून फोन भिंतीकडे वळवला.

या रविवारी ती काहीतरी समजावत होती तेवढ्यात यांनी हाताने खूण केली, आणखी एक. मी काडी हळूच मधे सरकवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण काडी बसली.

"हलू नका!" मुलगी तिकडून ओरडली. "आई, फोन जवळ धर, मला बघू दे."

मी फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला.