सातवा आवाज

निमोण्याच्या बन्यामीन आढाव यांनी चाळीस वर्षं विहिरी फोडल्या आणि चौसष्टाव्या वर्षी डोंगर चढायचं मनावर घेतलं. डोंगरही साधासुधा नव्हे, पेटलेला.

त्यांची मुलगी कृपा हवाई बेटावर नर्स आहे. तिच्या घरापासून दीड तासावर ज्वालामुखीचं पार्क, आणि त्या उन्हाळ्यात तिथं दगड वितळून वाहत होता. माणसं पायी जाऊन तो लाव्हा बघून येत. कृपानं बेत आखला: जूनच्या पहिल्या आठवड्यात पप्पांना आणायचं, जाऊन-येऊन बारा किलोमीटर चालायचं. तिनं फोनवर भलीमोठी यादी धाडली. जाड तळाचे बूट, माणशी तीन लिटर पाणी, काठी, टॉर्च, धुरासाठी मास्क. यादीच्या तळाशी एक ताकीद होती. वरून गार दिसणाऱ्या दगडाखाली पोकळी असते, कधी विस्तवही असतो. म्हणून पुढच्यानं काठी वाजवून बघायची आणि मागच्यांनी त्याच्याच पावलावर पाऊल टाकायचं.

"पुढे आजोबा!" नऊ वर्षांची नात जस्मिन फोनवर ओरडली. "त्यांना दगड वाजवून कळतो. मी त्यांच्या मागे."

ते काही खोटं नव्हतं. पहार आपटली की खालचा कातळ भरीव की पोकळ, हे बन्यामीन डोळे मिटून सांगत. तरी नातीचं ते वाक्य ऐकलं आणि त्यांनी घाईघाईनं फोन बायकोच्या, दयाबाईंच्या हातात दिला. का दिला, ते कुणाला सांगितलं नाही.

दयाबाईंना बेत मुळात पसंतच नव्हता. "साठी बुद्धी नाठी म्हंत्यात ती आशी. जल्म गेला दगड फोडन्यात, आन् आता समिंदर वलांडून दगडच बघाय निघाल्यात," असं त्या शिरूरच्या चर्चबाहेर भेटेल त्याला सांगायच्या. सांगताना हसायच्या मात्र. लेकीला भेटायचं म्हटल्यावर त्यांचीही बॅग कधीच भरून झाली होती.

जस्मिन आणखी एक बोलून गेली होती. म्हणे, आपल्या गावाकडचा सगळा काळा दगड कोट्यवधी वर्षांपूर्वी असाच वाहत होता. बन्यामीननी आधी ते हसण्यावारी नेलं. कातळाइतकं मेलेलं दुसरं काही नाही, अशीच त्यांची समजूत होती. पण त्या दिवसापासून ते ओट्याच्या दगडावर हात टेकवत आणि चटकन उचलून घेत.

चालायच्या सवयीसाठी त्यांनी जागा निवडली ती पोपटरावांची विहीर. पोपटराव गावातले जुने शेवंतीचे बागायतदार, सत्तरी ओलांडलेले. पंचाहत्तर फूट खोल विहीर, कडेकडेनं खाली गेलेल्या कातळातल्या पायऱ्या. नवे बूट घालून बन्यामीन रोज सकाळी दहा वेळा उतरायचे, दहा वेळा चढायचे. निमोण्याला चढ-उतार नाहीत असं नाही. पण पाय आपोआप त्याच विहिरीकडे वळत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच.

ही विहीर त्यांनीच फोडलेली, एकतीस वर्षांपूर्वी. जोडीला होता खुटबावचा रोहिदास, त्यांच्याच वयाचा, एका ताटात जेवणारा. या कामात एक नियम असतो, तो जिवापेक्षा मोठा. सुरुंगाच्या जितक्या वातींना बत्ती दिली, तितके आवाज वर उभं राहून मोजायचे. एक जरी कमी भरला तरी त्या दिवशी कुणी खाली उतरायचं नाही. दुसऱ्या दिवशी ज्यानं बत्ती दिली त्यानंच आधी उतरायचं आणि न उडालेलं भोक शोधायचं.

तो दिवस नाताळच्या आदला. कातळातली सात भोकं जिलेटिनच्या स्फोटकांनी भरली होती, बत्ती बन्यामीनची. दोघं पळत जाऊन बांधाआड बसले. आवाज आले सहा.

बन्यामीन वाट बघत राहिले. सातवा आला नाही. कधीकधी दोन सुरुंग एकदम उडतात आणि आवाज एकच येतो, हेही त्यांना ठाऊक होतं. रात्री शिरूरला कॅरल गायची होती, सकाळी सण. नियम पाळायचा तर ऐन नाताळात त्यांनाच खाली उतरावं लागणार होतं. रोहिदासनं विचारलं, "बन्या, किती?" बन्यामीन म्हणाले, "सात."

रोहिदास उतरला. दोन तास पहारीनं दगड उचकटत होता. बन्यामीन काठावर, दगड वर ओढायच्या यारीपाशी उभे होते आणि त्या थंडीत त्यांचा सदरा घामानं भिजला होता. मग पश्चिमेच्या कपारीतून पाण्याची धार फुटली, रोहिदास ओरडतच वर आला आणि पोपटरावांनी पेढे वाटले. पाणी चढलं ते तीन पुरुष खोल. त्याच कपारीशेजारचं सातवं भोक, रिकामं की भरलेलं देव जाणे, पाण्याखाली गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

आता ती मूठ उघडायला लागली होती. शिवारात जिकडेतिकडे बोअर झालेले, पाणी रोज खाली सरकत होतं. मार्चअखेर बन्यामीन चौतिसाव्या पायरीवरून माघारी फिरत. एप्रिलमध्ये चाळीस. मग चव्वेचाळीस. दर तीन-चार दिवसांनी एक ओली, शेवाळलेली पायरी वर येई, आणि त्यांनी पाय ठेवायची वाट बघत असल्यासारखी वाटे.

खाली गेलं की वरचं जग बंद होई. भर सकाळीही तिथं संध्याकाळचा उजेड. विहिरीत पारव्यांची घरटी ठायीठायी, पण पश्चिमेच्या अंगाला एकही नाही. एकदा त्यांनी सहज काठी कातळावर सात वेळा आपटली. घुमून आवाज आले सहा. त्यांनी पुन्हा आपटली, एकेक सावकाश मोजून. सहाच आले. उरलेल्या फेऱ्या सोडून ते वर आले. त्या दिवशी दयाबाईंनी विचारलं, "भाकर मोडताना तुमी काय पुटपुटताव?" ते मोजत होते.

व्हिसासाठी मुंबईला गेले, तिथंही एक विचित्रच झालं. मशीन त्यांच्या बोटांचे ठसे घेईना. चार वेळा पुसून, दाबून पाहिलं. "काका, तुमच्या अंगठ्यावर रेघाच नाहीत," तिथली मुलगी म्हणाली. दगडानं सगळ्या खाऊन टाकल्या होत्या. शेवटी कसंबसं जमलं. घरी येईपर्यंत बन्यामीन आपला कोरा अंगठा बघत बसले होते.

मे महिन्यात विहिरीचा तळ दिसला, आणि पोपटराव खुशीत येऊन सांगून गेले, "बन्यामीन, तुझ्या हातची हीर पंधरा फूट खाली घेतोय. राजस्थानची गँग येतीय गुरुवारी, कॉम्प्रेसर घिऊन. तू काय आता इमानात बसनार!"

विमानाला आठ दिवस होते. बन्यामीनना एवढंच करायचं होतं, की गप्प राहायचं. सातवं भोक रिकामं असेल तर काहीच नव्हतं. भरलेलं असेल, तर कुणा परक्या माणसाचं ड्रिल नेमकं त्यावर बसेल. जुनी जिलेटिन घामेजते, मग तिला वातही लागत नाही, धक्का पुरतो. त्या वेळी आपण समुद्रापार असू, काठी वाजवत पुढे चालत असू आणि मागे नात आपल्या पावलावर पाऊल ठेवत असेल.

गुरुवारी सकाळी कॉम्प्रेसर सुरू झाल्याचा आवाज आला, तसे ते बूटही न घालता धावले.

"बंद करा! बंद करो मशीन!"

ड्रिलवाला पोरगेलाच होता, खाली पश्चिमेच्या कपारीशी उभा. तो वर बघून हसला. "क्या हुआ, चाचा?"

"उप्पर आव. हात नको लावू कशाला. उप्पर आव!"

पोरगा वर आला. बन्यामीननी काठावर बसून सगळं सांगितलं, पोपटरावांच्या डोळ्यांना डोळा न देता. एकतीस वर्षं पोपटरावांच्या घरची पोरं त्या विहिरीत पोहायला शिकली होती. "आन् तू पेढं खाल्लंस माझं," एवढंच ते म्हणाले. बन्यामीनना त्यापेक्षा थोबाडीत बसलेली चालली असती.

मग त्यांनी खुटबावला फोन लावून रोहिदासला बोलावून घेतलं. कारण सांगितलं नाही. ज्याला खोटं सांगितलं त्याच्या तोंडावरच ते फेडायचं होतं. तो येण्याआधी ते एकटे खाली उतरले. नियम तोच होता, बत्ती ज्याची उतरणी त्याची.

कपारीशी गाळ हातभर होता. त्यांनी तो ओंजळीनं उपसला, पहार न लावता. कातळ कोमट लागत होता. उन्हानं म्हणावं तर तिथं ऊन पोचत नव्हतं. गाळाखाली बोटांना मऊ लागलं. भोक बुजवलेली चिकणमाती, जशीच्या तशी, मधून वातीचं कुजलेलं टोक. आणि मातीवर एक अंगठा दाबलेला. एकूण एक रेघ शाबूत, त्यांचाच, तेहतीस वर्षांच्या गड्याचा अंगठा. बन्यामीननी आपला अंगठा शेजारी धरला. तो कोरा होता.

ते वर कसे आले ते त्यांनाच आठवत नाही.

रोहिदास दुपारी आला. एक कान सुरुंगांनी गेलेला, पाठीत वाकलेला. सुरुंगाचं लायसन असलेल्या माणसानं जपून, अंतर राखून दुसरं भोक घेतलं आणि भरलं, म्हणजे जुनाही सुरुंग त्याच्यासोबत उडेल. सगळे बांधाआड बसले, दोघे म्हातारे शेजारी शेजारी, तेव्हासारखेच. जमीन हादरली. पारवे एकदम उठले आणि शेवंतीच्या वाफ्यांवरून निघून गेले.

"रोहिदास," बन्यामीन म्हणाले, "त्या दिशी सात न्हवते वाजले. सहाच वाजले. मी तुला खोटं सांगितलं."

रोहिदासनं चांगला कान पुढे केला. बन्यामीननी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.

"मला ठावं हाय," रोहिदास म्हणाला. "मी बी सहाच मोजले व्हते."

"मंग उतरलास कशापायी?"

"तू सात म्हनलास ना."

त्यानं खिशातून तंबाखूची डबी काढली, मळली आणि अर्धी बन्यामीनच्या हातावर ठेवली. त्यांना ती तोंडात टाकता येईना. मुठीत धरून ते तसेच बसून राहिले.

संध्याकाळी कृपाचा फोन आला. लाव्हा अजून वाहतोय, वाट खुली आहे, जस्मिननं स्वतःसाठी छोटी काठी आणली आहे.

"येतो," बन्यामीन म्हणाले. "पुढं बी मीच चालतो. पन तिला सांग, पाय टाकायच्या आदी तिनं तिची काठी वाजवून बघायची. मला ऐकू येतंय त्येच तिला येतंय का बघायचं. न्हाई आलं तर मी किती बी म्हनलो तरी तिनं पाऊल टाकायचं न्हाई."

कृपा हसली. "पप्पा, तुम्हाला तर दगडाचं सगळं कळतं."

"दगडाचं कळतंय गं," ते म्हणाले.