मुक्या भिंती

आश्विनातलं उतरतं ऊन यवतमाळच्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये तिरपं येतं, भिंतींच्या ताज्या रंगाचा वास त्यात तापू लागतो, आणि टीव्हीमागचा तो लहानसा पांढरा चौकोन असा उजळतो की वाटावं, आता हा बोलेल. तो बोलत नव्हता. दसऱ्यापासून माझा सगळा संताप त्या चौकोनाभोवती घिरट्या घालत होता.

इमारतीवर डिशची छत्री लावायला मनाई आहे. टीव्ही येतो तो भिंतीतून. प्रत्येक खोलीत नेटवर्कचं सॉकेट. त्यात वायर खोचायची, दुसरं टोक टीव्हीखालच्या डब्याला जोडायचं, की चित्र हजर. घराचा ताबा घेताना हे ऐकून मी वर्गात पहिल्या बाकावर बसल्यासारखी मान डोलावली होती. घरातला मी पहिला पदवीधर. ज्या भिंतींना फक्त खुंट्या असत अशा घरातून आलेलो. भिंतीच्या पोटातून जग घरात येणार याचं मला खरंच अप्रूप वाटलं होतं आणि शिकलो म्हणून हे दिवस दिसले, अशी कृतज्ञताही.

मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डबा जोडला, आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’ एवढीच अक्षरं उमटली. बैठकीतलं सॉकेट मुकं, झोपायच्या खोलीतलं मुकं, स्वयंपाकघराजवळचंही मुकं. इंटरनेट कंपनीचा माणूस आला, जिन्यातल्या पेटीत यंत्र लावून म्हणाला, “लाइन ओके आहे सर, प्रॉब्लेम तुमच्या घरात आहे.” बिल्डरचा माणूस आला, भिंतीवर बोटांनी टकटक करून म्हणाला, “वायरिंग एकदम फर्स्ट क्लास, कंपनीलेच विचारा.” सोसायटीचे सचिव तर जिन्यातच हसले. “साऱ्या बिल्डिंगले दिसून राह्यलं भाऊ, तुमच्याच घरी काय भानगड हाय?” फोनवर वाट पाहताना वाजणारं तेच ते संगीत मला झोपेतही ऐकू येऊ लागलं.

हा सगळा आटापिटा मायसाठी होता. बाबा गेल्यावर ती दारव्ह्याजवळच्या गावी एकटीच राहायची. नवरात्रात तिला इकडे आणलं, ते कायमचं ठेवून घ्यावं या आशेने. गावात तिचं दार दिवसभर उघडं. संध्याकाळी शेजारची कौसल्यामावशी यायची, दोघी मिळून मालिका बघायच्या आणि सासवांना शिव्या घालायच्या. इथे दारं बंद. मालिका सुटली तशी कौसल्यामावशीशी फोनवर होणाऱ्या गप्पाही आटत गेल्या. मी मोबाइलवर लावून दिलं, तर म्हणाली, “एवढ्याशा काचेत मानसं मुंग्यांवानी दिसते रे.” आणि एका संध्याकाळी, भुईमुगाच्या शेंगा सोलता सोलता, वर न बघता: “बाबू, घर चांगलं हाय तुह्यं, पन मुकं हाय. शनिवारी मले दारव्ह्याच्या गाडीत बसवून दे.”

तिची पिशवी दाराशी येऊन बसली.

शुक्रवारी मी कचेरीतून आलो तो चिडूनच. पेचकस घेतला, चौकोनाची झाकणी उघडली, आणि मोबाइलचा उजेड आत सोडला. त्या इवल्याशा खाचेत, तांब्याच्या बारीक तारांवर, वाळून घट्ट बसलेला लालपिवळा लगदा होता. क्षणभर कळेना. मग वास घेतला. हळद. हळद आणि कुंकू.

मी दुसरं सॉकेट उघडलं, तिसरं उघडलं. सगळीकडे तेच.

“माय, हे काय केलंस?”

“काय केलं? खांडेनवमी नव्हती का?” ती निर्मळ आश्चर्याने म्हणाली. “तूच म्हने, सारं इथूनच येते घरात. मंग हातियारच झालं ना ते? लावलं बोटभर, चांगलं ओलं करून.”

बायको हसू लपवायला तोंडाला पदर लावून आत गेली. मला ओरडायचं होतं. पण आठवलं: गावी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खांडेनवमीच्या पूजेत, विळे, कुऱ्हाड, वखराची लोखंडी पास यांच्या रांगेत ती माझी कंपासपेटीही मांडायची, आणि पुढचे कित्येक दिवस माझा कर्कटक कुंकवाने करकरत फिरायचा. वर्गात मुलं हसायची. मीही तेव्हा असाच चिडायचो.

वातींसाठी आणलेला कापूस काडीला गुंडाळून मी त्या तारा पुसत बसलो. आपल्याच मातीचा कापूस; हळूहळू लाल होत गेला. वायर खोचली. पडदा थोडा वेळ काळाच राहिला, आणि मग एकदम कुणीतरी सासू मोठ्याने ओरडली.

“अवं कौसल्ये, लाव लवकर, आली ती भवानी!” मायने फोन कानाला लावला होता.

मालिका संपल्यावर ती उठली, देवाजवळची कुंकवाची कुयरी घेऊन भिंतीपाशी उभी राहिली आणि माझ्याकडे बघू लागली. “वर लाव,” मी म्हणालो, “काठावर. आत नको.” तिने काठावर बोट टेकवलं. “इथं चालते?” “चालते.”

पिशवी अजून दाराशीच होती. शनिवारच्या गाडीचं नाव तिने काढलं नाही, मीही नाही. दिवा मालवताना तो लाल ठिपका दिसला आणि मनात आलं, पाहुणं माणूस दुसऱ्याच्या घरची हत्यारं पुजत नाही. मी घर मुकं म्हणून इतके दिवस दारोदार तक्रारी करत होतो. तिने तर खांडेनवमीलाच ते आपलं मानलं होतं. हे तिला ठाऊक होतं का, कोण जाणे.