सूक्ष्मदर्शकाला कुंकू

गेल्या वर्षी विज्ञान दिनाला आमच्या अनसिंगच्या शाळेत एक म्हातारे शास्त्रज्ञ पाहुणे आले. विज्ञानाचा मास्तर म्हणून मी त्यांच्या दिमतीला होतो. मी काहीही बोललो, की ते चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "कायवरून?" आज ऊन फार आहे म्हणालो, तरी "कायवरून?"

उद्घाटनाला मुख्याध्यापकांनी सूक्ष्मदर्शकाला हार घातला आणि कुंकवाचं ओलं बोट नेमकं वरच्या भिंगाला लावलं. मग त्यालाच डोळा लावून म्हणाले, "वा! कांद्याच्या पेशी!" त्यांच्यामागून मी, माझ्यामागून पोरं, सगळेच "वा! पेशी!" प्रत्येकाच्या डोळ्याभोवती लाल कडं.

शेवटी सातवीतली एक पोरगी म्हणाली, "मले त नुसतं लाल दिसून राह्यलं."

पाहुण्यांनी सत्काराची शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली. "शाब्बास! जे दिसलं ते सांगजो. नाही दिसलं, त तेही सांगजो."

हा आदर्श पोरांनी फारच मनावर घेतला. यंदा मी भिंग लख्ख पुसून ठेवलं होतं. तरी जो तो डोळा लावी, टेबलावरच्या सत्काराच्या नव्या शालीकडे बघे आणि ठासून सांगे, "सर, काहीच दिसून नाही राह्यलं!"

मी चष्मा कपाळावर सरकवला. "कायवरून?"

"मांगच्या साली ताईले शाल भेटली ना, त्यावरून."