तो निरोप माझा होता

इंदूताई गेल्याचं मला दूधवाल्याकडून कळलं. जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये त्यांच्याकडे दूध घालून तो मग सदरला माझ्याकडे येतो. मी पातेलं पुढे केलं तर त्यानं माप कॅनमध्येच ठेवलं. मग म्हणाला, "आंटीजी, वो आपकी वाली दीदी... नहीं रहीं. आज सुबह." मी दूध घेतलं, गॅसवर ठेवलं, समोर उभं राहून तापवलं आणि उतूसुद्धा जाऊ दिलं नाही. त्या दिवशी शनिवार होता. गुरुवारी तर मी त्यांच्याकडे जाऊन आले होते, गोळाभाताचा डबा ठेवून. दूध झाकून ठेवल्यावर पहिला विचार आला तो हा, की आता या गावात मला 'अगं सुधा' म्हणणारं कोणी उरलं नाही. नातवंडांना मराठी कळते, पण उत्तर हिंदीतून येतं. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. घरात मराठी बोलायची म्हणजे देवाशी नाहीतर स्वतःशी, आणि दोघंही उलटून काही बोलत नाहीत.

बाराव्या दिवशी इथल्या मराठी मंडळाच्या खोलीत शोकसभा झाली. पंधरा-वीस खुर्च्या, अर्ध्या रिकाम्या. इंदूताईंचे यजमान वझलवार ज्या फॅक्टरीत चार्जमन होते, तिथलेच एक जुने सद्गृहस्थ बोलायला उठले. इंदूताईंच्या सेवेबद्दल चांगलं बोलले आणि शेवटी हसून म्हणाले, "एवढ्या वर्षांत बाईंच्या हातून चूक झाली ती एकच. लढाईच्या वेळचा तो चुकीचा निरोप. बिचाऱ्या वझलवारांचं फोरमन होणं त्यापायी राहिलं." लोक मान हलवून हसले. मी दुसऱ्या रांगेत बसले होते, तोंडात मिठाची गुळणी धरून. पन्नासाहून जास्त वर्षं तशीच बसले आहे म्हणा. म्हणून आज हे लिहिते आहे.

मी लग्न होऊन जबलपूरला आले तेव्हा बावीस वर्षांची होते. फॅक्टरीचा भोंगा हेच आमच्या वसाहतीचं घड्याळ. त्याच्यावर कुकर चढायचा, त्याच्यावर मुलं शाळेत जायची. आमच्या क्वार्टरच्या ओळीत शेवटचं घर वझलवारांचं. इंदूताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या, उंच, आवाज खणखणीत. मी आल्याच्या तिसऱ्याच दिवशी त्या दारात उभ्या. "काहून गं, दुपारी काय करून राहिली?" मी म्हटलं, "काही नाही." "मग चार पोळ्या जास्तीच्या लाटत जा. उद्यापासून." का, कुणासाठी, काही नाही. मला वाटलं, बाई जरा सटक आहे. नंतर कळलं की शहराच्या दुसऱ्या टोकाला जे मोठं सरकारी इस्पितळ आहे, तिथल्या मुलांच्या वॉर्डात खेड्यापाड्यांतून आया येतात. दुखणी मोठी असतात, महिना महिना हलत नाहीत. पोराला इस्पितळातून दूध-खिचडी मिळते, आईला कोण विचारतो? इंदूताई आणि वसाहतीतल्या आम्ही चौघी, अशा पाच जणी त्या आयांना डबे पोचवायचो. संस्था वगैरे नाव नव्हतं त्याला. वॉर्डबॉय आम्हाला 'डब्बेवाली दीदी' म्हणायचे.

इंदूताईंचा नियम एकच होता, आणि तो मोडला तर त्या खरोखर रागवायच्या. डबा द्यायचा, कालचा घ्यायचा, 'जेवलीस का' म्हणायचं. 'मूल कसं आहे' हे मात्र कुणीही, कधीही विचारायचं नाही. पहिल्याच दिवशी मी विचारलं आणि परतताना सायकलरिक्षात पुरती बोलणी खाल्ली. मग जरा वेळानं त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या, "आमचा बाळ होता ना त्याच वॉर्डात. अकरा दिवस. येणारा प्रत्येक जण विचारे, कसा आहे? प्रत्येकाला मला आपल्या तोंडानं सांगावं लागे... मंडल्याकडची एक बाई होती. तिनं काही विचारलं नाही. अर्धी भाकर ठेवली समोर आणि गेली." बाळाबद्दल त्या माझ्याशी एवढंच बोलल्या. तेव्हाही आणि नंतरही.

न विचारता आम्हाला कळायचं ते डब्यावरून. घरी आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत जशी आपल्यात तशीच त्या आयांच्यात. जवळ काही नसलं तरी डब्यात काहीतरी यायचंच. चार फुटाणे, गुळाचा खडा, कधी इस्पितळाच्या आवारातल्या झाडाचं फूल. परत आल्यावर इंदूताई ओट्यावर ओळीनं डबे उघडायच्या आणि बघायच्या. ज्या दिवशी एखादा डबा घासूनपुसून, पण अगदी रिकामा यायचा, त्या दिवशी समजायचं की ती आई गावी गेली, आणि एकटी गेली. इंदूताई तो डबा पालथा घालायच्या, जरा वेळ खाली बसायच्या, आणि ज्या घरून तो डबा जायचा तिथं दुसऱ्या दिवशी पीठ कमी मळलं जायचं. कुणी ठरवलं नव्हतं, पण ते तसंच होऊन बसलं होतं. आणि तोवर कधी चुकलंही नव्हतं.

बांगलादेशच्या लढाईचा हिवाळा आला. फॅक्टरीत बारा-बारा तासांची पाळी, रजा बंद, खिडक्यांच्या काचांना काळा कागद. त्या दिवसांत गेंदा नावाची सहा वर्षांची पोर वॉर्डात होती, रक्ताच्या आजाराची. लोक सिहोऱ्याकडचे. बाप भगवानदीन आमच्याच फॅक्टरीत, वझलवारांच्या हाताखाली मशीनवर. पोरगी शहराच्या त्या टोकाला, बाप या टोकाला, आणि सुटी नाही. मग त्याची सोय आम्ही अशी लावली की गेंदाची आई डब्यात जे घालील ते त्याला नेऊन द्यायचं. माझं क्वार्टर गेटच्या सगळ्यांत जवळ, म्हणून ते काम माझ्याकडे. चार वाजता चहाच्या सुटीत कामगार कठड्यापर्यंत यायचे. मी डबा उघडून पुढे करायची. हिवाळा म्हणून बहुतेक सिंघाडे असायचे, उकडलेले, दोन नाहीतर तीन. तो हात पुसून ते घ्यायचा, तिथंच उभ्या उभ्या सोलून खायचा. म्हणायचा, "चलो, ठीक है." एवढीच त्याची रोजची बातमी.

एका दुपारी डबा रिकामा आला.

इंदूताईंना त्या दिवशी ताप होता, त्या घरीच होत्या. डबे मी आणले, मीच उघडले. गेंदाचा डबा लख्ख घासलेला, आत काही नाही. वॉर्डात मी दुसऱ्या आईशी बोलत होते, माझ्या सोबतिणीनं तो उचलून आणला होता आणि ती परस्पर घरी गेली होती. गेंदाच्या खाटेकडे माझं लक्षही गेलं नव्हतं. इंदूताईंकडे जाऊन विचारावं, हे सुचलं नाही असं म्हणणार नाही. सुचलं होतं. पण चारला दहा मिनिटं होती, आणि खरं सांगायचं तर मला सगळं कळतं असं मला वाटायला लागलं होतं. मी डबा घेऊन गेटवर गेले. भगवानदीन आला, त्यानं हात पुसले. मी झाकण काढलं. तो आत बघत राहिला, मग माझ्याकडे. "खाली है?" मी म्हटलं, "भैया, आप अस्पताल जाओ... अभी जाओ." बस, एवढंच. दरवानानं त्याचा दंड धरला होता, तो सोडवून घेऊन तो पासबिस काही न घेता रस्त्याला लागला. पळतच गेला. लढाईच्या दिवसांत, चालू पाळी सोडून.

इस्पितळात गेंदा खाटेवर उठून बसून पोळी खात होती. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली होती. आदल्या दिवशीच्या डब्यातली पोळी तिनं आईच्या हातातून ओढून खाल्ली, वरण प्याली, आणि आईनं बापासाठी बाजूला काढलेले दोन सिंघाडेसुद्धा मागून खाल्ले. डब्यात घालायला आईजवळ काही उरलंच नव्हतं. तेवढं एकच कारण.

दुसऱ्या दिवशी फॅक्टरीत चौकशी. भगवानदीनची नोकरी जायची वेळ, आणि निरोप कुणी दिला हा प्रश्न. माझा नवरा तेव्हा प्रोबेशनवर. मी इंदूताईंच्या दारात जाऊन रडायला लागले. त्यांनी मला आतही घेतलं नाही. अंगात ताप, डोक्याला पट्टी बांधलेली, त्यांनी चपला घातल्या. "तू काही बोलू नको. तुझ्या माणसाची नोकरी पक्की व्हायची आहे अजून." मी म्हटलं, "पण इंदूताई, तुम्ही कशाला..." "डबा कुणाचा होता? माझा ना? मग निरोपही माझाच." आणि साहेबाच्या ऑफिसात जाऊन त्यांनी खणखणीत सांगितलं की निरोप मी पाठवला, खात्री न करता पाठवला, त्या माणसाचा काही दोष नाही. भगवानदीनची नोकरी वाचली. वझलवारांच्या नावावर मात्र बायकोनं कामात ढवळाढवळ केल्याचा शेरा बसला, आणि त्यांचं फोरमन होणं मागे पडलं ते पडलंच. ते मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. दिसले की "काय सुधाबाई, ठीक?" म्हणायचे. त्यांना ठाऊक होतं की नाही, हेही मला आजवर माहीत नाही.

गेंदा त्यानंतर नऊ दिवस होती. ती गेली तेव्हा बाप मशीनवरच होता. काही दिवसांनी तो इंदूताईंच्या दारी आला, मी आत तांदूळ निवडत बसले होते. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "बाई साब, आप न बुलातीं तो मैं उसको खाते हुए न देखता. पेट भर के खाया था उसने उस दिन." इंदूताईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी बोलावं म्हणून पाहिलं असणार. मी खाली बघून तांदूळ निवडत राहिले. लाज वाटते, पण लिहिते... दोष त्यांच्याकडे गेला तेव्हा मला हायसं वाटलं होतं, आणि आभार त्यांच्याकडे गेले तेव्हा टोचलं.

दुसऱ्या दिवशी इंदूताई म्हणाल्या, "आजपासून विचारायचं. प्रत्येकीला." आणि त्या खाटेखाटेशी थांबून विचारू लागल्या, "कैसा है बच्चा?" ज्या प्रश्नानं त्यांना अकरा दिवस सोललं होतं, तोच रोज आपल्या तोंडून. विचारताना त्या पदराचं टोक मुठीत धरायच्या. माझ्याच्यानं ते झालं नाही. मला दिवस गेले होते, ते निमित्त पुरलं. मी वॉर्डात जाणं सोडलं. त्या पुढे वीस-बावीस वर्षं जात राहिल्या.

म्हातारपणी आम्ही दोघी पुन्हा जवळ आलो. त्यांचे यजमान गेले, माझे गेले. दर गुरुवारी रिक्षानं मी त्यांच्याकडे जायची, डबा न्यायची, मागच्या गुरुवारचा परत आणायची. त्यानं रिकामं यायचं नाही, ही रीत त्यांनी शेवटपर्यंत पाळली. आवळ्याची फोड, खव्याच्या जलेबीचा तुकडा. एकदा घरात काही नव्हतं तर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं कापून घातलं होतं, अर्धं सोडवलेलं. दर गुरुवारी मी ठरवून जायची की आज बोलायचं, मंडळात सगळ्यांसमोर सांगते म्हणायचं. आणि दर गुरुवारी आम्ही वांग्याच्या भावावर आणि गुडघ्यांवर बोलून उठायचो. त्या शेवटच्या गुरुवारी मी म्हणालेही, "इंदूताई, ते गेंदाचं..." त्या डोळे मिटून पडल्या होत्या. म्हणाल्या, "सिंघाडे आले का गं बाजारात?" मी म्हटलं, "आले असतील." आणि डबा ठेवून उठले.

शोकसभेनंतर चार दिवसांनी त्यांच्याजवळ राहणारी त्यांच्या पुतण्याची सून रश्मी तो डबा घेऊन आली. मी तो हातात घेतला आणि हलका लागला. झाकण काढलं. घासूनपुसून लख्ख, आत काही नाही. बरोबरच होतं म्हणा, माणूस गेलं की डबा रिकामाच यायचा. रश्मी चपला घालून निघाली होती. मी तिला हाक मारली. आयुष्यात जे मला पुन्हा कधी जमलं नाही ते विचारलं, "रश्मी, कशा होत्या गं त्या? जेवल्या होत्या का?"

ती उंबऱ्यात थांबली. "हाँ आजी, गुरुवार को पूरा गोलाभात खा लिया था. इतने दिन बाद. आपके लिए एक लड्डू रखवाया था डब्बे में, शाम को वो भी माँग के खा लिया. बोलीं, सुधा समझ जाएगी."

डबा ओट्यावर आहे. आज गुरुवार.